पहिली भाकरी कुणाची

आमच्या सासरी पहिली भाकरी मामंजींची. तव्यावरून उतरून जाळापुढं टम्म फुगली की ती पितळीत घालायची, शेजारी कालवण, कांदा, आणि पितळी ओसरीवर न्यायची. घरात पाहुणा असो, कुणी तापानं फणफणलेलं असो, पहिली भाकरी घरधन्याची. मी लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला पाण्याची घागर दाखवायच्या आधी हे सांगितलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रत्येक घराची एक रीत असते. पण माझ्या माहेरची रीत निराळी होती, आणि एकाहत्तरच्या हिवाळ्यात त्या दोन रिती एकाच चुलीपाशी समोरासमोर आल्या.

माझं माहेर पारनेर तालुक्यातलं, माळावरचं. पाऊस झाला तर बाजरी, नाही झाला तर हुलगे, आणि तेही नाही झाले तर कुसळं. विहिरीत पाणी असलं तर आम्ही ते पाहुण्यासारखं जपून वापरायचो. अशा गावात पोरं वाढतात आणि फौजेत जातात. एक घर सोडून एक घर असं म्हटलं तरी चालेल. माझे वडील इंग्रजांच्या मोठ्या लढाईला जाऊन आलेले, बरोबर एक ॲल्युमिनियमचा डबा आणि कायमचा खोकला घेऊन. माझा पाठचा भाऊ मिसरूड धड फुटायच्या आत नगरच्या भरतीला गेला. त्याला देशाचं प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण भरतीच्या रांगेत उंची मोजतात, छाती मोजतात, प्रेम कुणी मोजत नाही. घरी चार महिने पुरेल इतकीच बाजरी होती, म्हणून तो गेला.

आमच्या गावाकडं ज्या घरचा माणूस फौजेत असेल, त्या घरात पहिली भाकरी कुणी खात नाही. ती दुरडीत एका कडेला झाकून ठेवायची आणि दारात जो पहिला येईल त्याला द्यायची. कधी शेरडं राखणारा, कधी पोस्टमन, कधी भिक्षेकरी, कुणीच आलं नाही तर कुत्रं. आपण इथं कुणाला तरी घातली की तिकडं आपल्या माणसाला कुणीतरी घालतं, असा त्यामागचा हिशोब असावा. असावा म्हणते, कारण आईनं कधी समजावून सांगितलं नाही. लहानपणी भूक लागली म्हणून मी एकदा त्या भाकरीला हात घातला, तर तिनं हातावर फटका दिला आणि एवढंच म्हणाली, “ती न्हाई. ती त्याची हाय.” तेव्हा तो म्हणजे माझा चुलता होता. पुढं भाऊ झाला.

सासर देवळाली प्रवरेच्या बाजूला. पाटाचं पाणी, जिकडं बघाल तिकडं ऊस, रस्त्यानं कारखान्याला निघालेल्या बैलगाड्या. दुष्काळी भागातल्या मुली कामाला घट्ट असतात असं बागायतदार मंडळी मानतात, त्यामुळं माझं तिथं जमलं. पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, या लोकांच्या वाट्याची धूळसुद्धा कुणीतरी धुऊन ठेवलीय. मामंजींच्या सगळ्या भावकीत फौजेत गेलेला एकही माणूस नव्हता. कशाला जाईल? उसाला पाणी कोण देईल मग?

लढाई पेटली तेव्हा आमचं गुऱ्हाळ ऐन भरात होतं. कारखान्याला जाऊन उरलेल्या उसाचा आम्ही गूळ करायचो. चरकातून रस निघायचा, तो मोठ्या काहिलीत पडायचा, काहिलीखालच्या चुलवणात चिपाडं धडधडायची. शेजारी बाज टाकून मामंजी बसायचे. एका कानाशी ट्रान्झिस्टर, मांडीवर पेपर. “या खेपेला थांबू नका म्हनावं. एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाका,” असं ते इतक्या ठासून म्हणायचे की सेनापती शेजारच्या बांधावर उभा आहे असं वाटावं. गुळव्या काहिलीतला रस ढवळत मान डोलवायचा. माझे धाकटे दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणायची, ते तोंड उघडं टाकून ऐकायचे. आमचे हे मात्र चरकात ऊस घालत असायचे. मी चहा घेऊन जायची आणि रिकाम्या कपबशा घेऊन परत यायची. भाऊ नेमका कुठं आहे ते आम्हाला ठाऊक नव्हतं. सीमेवर आहे, इतकंच.

रेडिओवर लढाईची बातमी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पहिली भाकरी दुरडीत बाजूला ठेवली. मामंजींच्या पितळीत दुसरी घातली. कुणाला कळलं नसतं, भाकरीवर काही नंबर लिहिलेला नसतो. पण आत्याबाई तिथंच भाजी निवडत होत्या.

“ती कुनाची ठिवली?”

“भावाची,” मी म्हणाले आणि आमच्याकडची रीत सांगितली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग उठल्या, दुरडीतली भाकरी काढली आणि पितळीत घातली. “तुजा भाऊ सुखरूप येईल. पन तुज्या माह्यारची रीत माह्यारी. हितं घरधन्याच्या आदी भाकरी कुनाची न्हाई.”

त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट मायेचाच होता. म्हणून मला जास्त लागलं. त्या दिवसापासून मी माझ्या वाटणीची भाकरी बाजूला ठेवत गेले, सगळ्यांची जेवणं झाल्यावरची. ती दारात आलेल्याला मिळायचीच. पण ती शेवटची भाकरी. पहिलीची सर तिला कुठून येणार? राग आला की मी पीठ फार जोरात मळते. त्या हिवाळ्यात आमच्या घरच्या भाकऱ्या सुरेख होत होत्या.

मग ब्लॅकआऊट आला. नगरला लष्कराची मोठी छावणी, म्हणून जिल्ह्यात दिवेलागणीनंतर उजेड दिसू द्यायचा नाही असा हुकूम निघाला. आमच्या गावात विजेचे दिवे मोजकेच, पण शाळेतले मास्तर शिट्टी घेऊन फिरायला लागले. कंदिलाला गोणपाट, खिडकीला घोंगडी. लोकांनी हौसेनं केलं. एका संध्याकाळी अंधार पडता पडता मास्तर आमच्या गुऱ्हाळावर आले. चुलवणाचा जाळ लांबच्या वस्तीवरून दिसत होता.

“जाळ काढा,” मास्तर म्हणाले.

“काहील अर्ध्यावर हाय,” मामंजी म्हणाले.

“सरकारचा हुकूम आहे. वरून विमानाला दिसतो.”

“मास्तर, ते विमान इतक्या लांबून यील, नगर सोडंल, आन माज्या काहिलीवर बाँब टाकंल व्हय? त्याला काय गूळ खायाचाय?”

सगळे हसले. मास्तरही हसले असावेत, अंधारात नीट दिसलं नाही. गुळव्या म्हणाला की आता जाळ काढला तर रस वाया जाईल, ढेप काही धरायची नाही. मग तडजोड निघाली. चुलवणाच्या तोंडापुढं ओली गोणपाटं टांगली, माणसं आडवी उभी केली, आणि जाळ तसाच राहिला. मास्तरांनी काकवीचा तांब्या घेतला आणि ते शिट्टी वाजवत पुढच्या वस्तीवर गेले.

विमान येणार नव्हतंच. मामंजींचं बरोबर होतं, आणि आजही मी त्यांना त्याबद्दल चूक म्हणणार नाही. पण मी कपबशा हातात घेऊन उभी होते आणि मला हसू येईना. सकाळपासून हा माणूस रेडिओला कान लावून पुढं घुसा, पुढं घुसा म्हणत होता. कुणाची पोरं पुढं घुसणार होती? आणि लढाईनं त्याच्याकडं मागितलं किती, तर एका संध्याकाळची एक काहील. तीही त्याला सोडवेना.

घरी आल्यावर मी यांना हे बोलून दाखवलं. हे फार बोलणारे नव्हते. बराच वेळ पायाचा चिखल खरवडत बसले आणि म्हणाले, “तुमच्याकडली मानसं तिकडं हायेत, म्हनून तुमी गप. आमचं कुनी न्हाई, म्हनून आमी बोलायला मोकळे.” नवऱ्याच्या तोंडून इतकं सरळ खरं मी त्यानंतर फारसं ऐकलेलं नाही. मी त्यांना जास्तीचं दूध दिलं.

लढाई जिंकल्याची बातमी आली तेव्हा मामंजींनी गुळाची ताजी ढेप फोडली आणि गावभर वाटली. मीसुद्धा पदरात खडे घेऊन आळीतून फिरले. माझ्याइतकं आनंदात त्या गावात कुणी नसेल. तार आली नव्हती, म्हणजे माझा भाऊ जिवंत होता, आणि लढाई संपली होती. मी मोठा खडा तोंडात टाकला. अजूनही नवा गूळ खाल्ला की मला ती दुपार आठवते, आणि मग तो गोड लागत नाही.

लढाई संपल्यानंतर त्याचा पाय सुरुंगावर पडला. सीमेवरच्या कुठल्याशा शेतात, दिवसाढवळ्या, चालता चालता. लढाई संपल्याचं रेडिओला कळलं होतं, त्या जमिनीला कळलं नव्हतं. माहेरी तार आली आणि वडील मला न्यायला आले. त्यांनी ओसरीवर टोपी काढून ठेवली तेव्हाच मी समजले. डावा पाय गुडघ्याखालून गेला होता.

पुण्याच्या लष्करी इस्पितळात आम्ही दोघं गेलो. आई आली नाही. “मी तितं रडंल. त्याला बरं वाटायचं न्हाई,” असं म्हणाली आणि घरीच राहिली. वाटेत एस.टी.त वडील मला म्हणाले, “चाकरी हाय ती. चाकरीत असं व्हतं.” त्यांचं मत पहिल्यापासून तेच. सैन्य म्हणजे चाकरी, चाकरी इमानानं करायची, तिचा गाजावाजा करायचा नाही आणि तिच्याबद्दल रडायचंही नाही. मग पुणं येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसले.

भाऊ पांढऱ्या चादरीखाली पडला होता. चादर एका बाजूला लवकर सपाट झाली होती. मी तिकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि तिकडंच बघत राहिले.

“अक्का, गूळ आनला का?” त्यानं विचारलं.

आणला होता. त्यानं तो शेजारच्या खाटांवरही वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात तो लाकडी पाय लावून घरी आला, आणि मामंजींनी त्याचा आमच्या गावात सत्कार ठरवला. शाळेच्या पटांगणात टेबल, टेबलावर चादर, हार, नारळ, शाल. मामंजींचं भाषण लांबलं. सुरुवातीला तो “आमच्या सूनबाईचे बंधू” होता, मधे कुठंतरी “आमच्या घरचा जवान” झाला. भाऊजी पहिल्या रांगेत बसून डोळ्यांची पापणी न हलवता त्याच्याकडं बघत होते. नंतर भावाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो म्हणाला, “मला लई येळ हुबं ऱ्हायला जमत न्हाई. बसू का?” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असावं की तो नम्रपणा आहे. तो खरंच बसायला मागत होता. भर उन्हाळ्यात खांद्यावर शाल, कपाळावरून घाम गळतोय आणि मामंजी त्याच्या गळ्यातला हार नीट करतायत, असं ते चित्र. मला लाजही वाटली आणि अभिमानही वाटला.

त्या साली पाऊस पडला नाही. आदल्या सालीही बेताचाच होता, पण बहात्तर साल सगळ्यांना पुरून उरलं. माझ्या माहेरी दुष्काळी कामं निघाली. मोठ्या लढाईतले माझे वडील आणि आई रस्त्याच्या कडेला खडी फोडायला बसले. भाऊही बसायचा. “बसून करायचं काम हाय, त्याला पाय कशाला लागतोय?” असं म्हणून हसायचा. दुरडीतली पहिली भाकरी मात्र आईनं बंद केली नाही. आमचा माणूस आता घरी आहे, मग कुणासाठी ठेवतेस, असं मी विचारलं तर म्हणाली, “अजून कुनाचं तरी असंलच की तिकडं.”

आणि आमच्या बागायतीतसुद्धा पाटाचं पाणी लांबत गेलं. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता ऊस उभ्या उभ्या वाळला. गुऱ्हाळ पेटलंच नाही. काहील उपडी घातली होती, तिच्यावर कोंबड्या बसायच्या. मामंजींचा ट्रान्झिस्टर बंद होता. सेल मिळत नाहीत असं ते म्हणायचे, पण दुकानात सेल होते. पाट आटला तेव्हा कुठं माझ्या सासरला माझं माहेर काय ते कळायला लागलं.

भाऊजी एके दिवशी बैलांना कडबा बघायला जातो म्हणून नगरला गेले. संध्याकाळी रिकाम्या हातांनी परत आले आणि ओसरीच्या खांबाला टेकून म्हणाले, “भरतीत निवड झाली माजी.”

मामंजींच्या तोंडाकडं मी तेव्हा बघितलं. इतकी वर्षं झाली, पण ते तोंड मी विसरले नाही. पहिल्यांदा ते हसल्यासारखं झालं, सवयीनं. मग हसू तिथंच थांबलं.

“कशाला?” ते म्हणाले.

“कशाला म्हंजे? तुमीच म्हनायचा ना, पोरांनी म्होरं झालं पायजे.”

“ऊस पिकवनं ही काय देशाची सेवा न्हाई व्हय?”

“कुठाय ऊस?” भाऊजी म्हणाले.

मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांची पितळी मी ओसरीवरून जशीच्या तशी परत आणली, तिच्यातली पहिली भाकरी गार होऊन चामड झाली होती.

दोन-चार दिवस घरात वादच वाद. शेजारी येऊन आपापलं मत देऊन जायचे. कुणी म्हणायचं पोराचं नशीब उघडलं, पगार चालू होईल. कुणी म्हणायचं बागायतदाराच्या पोरानं बंदूक धरायची म्हणजे घराची शोभा गेली. आमचे हे म्हणाले, जाऊ द्या, हितं राहून तो तरी काय करनार. पुरुषांच्या बोलण्यात आत्याबाईंनी कधी तोंड घातलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग मामंजींनी मला ओसरीवर बोलावलं. एकटीला.

“सूनबाई, तुज्या भावाला बोलावून घे.”

“कशाला, मामंजी?”

“त्यानं याला सांगावं. आन...” ते अडखळले. “आन एकदा पाय दाखवावा. लाकूड काढून. याच्या डोळ्यानं बघू दे.”

माझं डोकं सणकलं. सुनेनं सासऱ्यापुढं आवाज चढवायचा नसतो हे मला माहीत होतं आणि मी चढवला. “त्याच पायाला तुमी हार घातला व्हता. आता बुजगावन्यासारखा हुबा करायचा का? एक काहील इझवायला सांगितली तर तुमच्या जिवावर आली व्हती!”

मला वाटलं आता घरातून बाहेर काढतील. पण मामंजी ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, “व्हय. करायचा. बापाला लाज नसती, पोरी.”

त्यांनी मला आधी कधी पोरी म्हटलं नव्हतं. माझा राग गेला नाही, पण त्याच्या मागं दुसरं काहीतरी येऊन उभं राहिलं. माझ्या भावाच्या वेळी माझे वडील असं कुणापाशी रडले असते का? त्यांना रडता आलं नाही, कारण घरात चार महिन्यांचीच बाजरी होती. मी निरोप पाठवला.

भाऊ आला. स्टँडवरून चालत आला, बैलगाडी पाठवलेली असताना. ओसरीवर एका बाजूला मामंजी, एका बाजूला भाऊजी, आमचे हे खांबाशी, आणि मी आत्याबाईंच्या मागं स्वैपाकघराच्या उंबऱ्यात. चहा झाला. पावसाचं बोलणं झालं. मग भाऊच म्हणाला, “मला कशाला बोलावलंय ते अक्कानं कळवलंय.”

त्यानं पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला, पट्टे सोडले आणि लाकडी पाय काढून भिंतीला टेकवून ठेवला, कुणी हातातली काठी टेकवावी तसा. भाऊजींना म्हणाला, “बघा. उन्हाळ्यात घाम येतो, कातडं सोलतं. पावसाळ्यात चिखलात रुततो. बाकी काय न्हाई. आन जो पाय न्हाई तो कधीमधी खाजतो, पन खाजवायला काय हाताला लागत न्हाई.”

भाऊजी बघत होते.

“दाखवला, मामा,” भाऊ मामंजींकडं वळून म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “तुमी म्हनाल तर ह्यांना थांबवतो बी. माजं ऐकतील. पन एक इचारतो. हे न्हाई गेले तर ती जागा काय मोकळी ऱ्हानार न्हाई. रांगेत ह्यांच्या मागं जो हुबा असंल तो जाईल. तो बहुतेक आमच्या तिकडलाच असंल. त्याच्या बापानं कुनाचा पाय दाखवायचा?”

मामंजींनी मान खाली घातली. ट्रान्झिस्टर चालू होता तेव्हा प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडं उत्तर असायचं.

उत्तर माझ्या पुढून आलं. आत्याबाई उंबरा ओलांडून ओसरीवर आल्या होत्या, पदर डोक्यावर, हात पिठाचे.

“कुनाचा बी जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “माजा नको.”

इतकं उघडं स्वार्थी वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं, आणि तरी मला त्यांचा राग आला नाही. माझ्या आईच्या तोंडात हेच वाक्य आयुष्यभर असणार. ती पुण्याला आली नाही ती याच वाक्यामुळं. पण माझ्या माहेरच्या गावात ते बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण ऐकून कुणी काही करू शकलं नसतं.

“बराबर हाय, मावशी,” भाऊ म्हणाला. “माजी आई दुसरं काय म्हनली असती?”

भाऊजींनी त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं. “पाव्हनं, खरं सांगा. तुमाला ठावं असतं, पाय जानार म्हनून, तरी गेला असता का?”

भावानं विचार केला. तो खोटं बोलत नाही, लहानपणीही मार खाऊन खरं सांगायचा. “साल चांगलं असतं तर न्हाई,” तो म्हणाला. “आवंदासारखं असतं, तर गेलो असतो.”

मामंजींनी त्याला पाय दाखवायला बोलावलं होतं. भाऊजींनी पाय बघितला, आणि मग ओसरीवरूनच समोरचं शेत बघितलं. उसाच्या जागी वाळलेलं पाचट उभं होतं. आठवड्याभरात ते गेले. निघताना माझ्या पाया पडले आणि कानाशी म्हणाले, “वहिनी, मला लढाई-बिढाई काय नको. मला हितनं सुटायचंय.” मामंजी त्यांना स्टँडवर सोडायला गेले आणि परत येऊन उपड्या काहिलीवर बसून राहिले. कोंबड्या उठून गेल्या. आत्याबाई स्वैपाकघरातून बाहेर आल्याच नाहीत.

दुसऱ्या सकाळी मी चुलीपाशी गेले तर आत्याबाई आधीच बसल्या होत्या. भाकऱ्या करायचं काम माझं, पण त्यांनी परात माझ्याकडं सरकवली नाही. पहिली भाकरी त्यांनी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, जाळापुढं उभी केली. ती फुगली. मी पितळी पुढं केली. त्यांनी पितळीकडं बघितलं नाही. कोपऱ्यातली दुरडी ओढली, भाकरी तिच्यात ठेवली आणि वर धुतलेलं फडकं टाकलं. मग दुसऱ्या भाकरीचं पीठ घेतलं. माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

ओसरीवर वाट बघून मामंजी आत आले. एवढ्या वर्षांत ते भाकरी मागायला स्वैपाकघरात आल्याचं मला आठवत नाही. “झाली न्हाई का अजून?” म्हणाले, आणि त्यांना फडक्याखालची वाफ दिसली. त्यांनी वाकून फडकं उचललं.

“ती न्हाई,” आत्याबाई म्हणाल्या. “ती त्याची हाय.”

मामंजींनी फडकं होतं तसं झाकलं, आणि ते दुसरी भाकरी होईपर्यंत चुलीपाशी खाली बसले.